होडी नव्हती

माझ्या वर्गात खोडरबर चालत नाही. जूनमध्ये शाळा भरली की सगळ्यांचे खोडरबर गोळा करून मी एका बरणीत टाकते आणि बरणी कपाटावर ठेवून देते. पालक कुरकुरतात. "बाई, पोरं चुकली तर मग?" चुकली तर चुकू देत की! चूक दिसली तरच मला कळणार ना, पोर कुठे अडलंय ते. चकाचक पान बघून काय कळणार, कप्पाळ?

आमची शाळा पळसदरीच्या पुढे, डोंगरावरच्या वाडीच्या पायथ्याला. दोन खोल्या, दोन शिक्षिका. तिसरी-चौथी माझ्याकडे, पहिली-दुसरी ताईकडे. ताई म्हणजे सख्खी बहीण नव्हे. माझ्याहून बरीच मोठी, मुख्याध्यापिकेचा कारभारही तीच बघायची. दोघी राहायला भिसेगावात, एका हाकेच्या अंतरावर. सकाळी ती माझ्या स्कूटरवर मागे बसायची, दोघींचे डबे मांडीवर घेऊन, आणि शाळेपर्यंत तिचं तोंड बंद नसायचं.

नोकरीत नवी होते तेव्हा मला काहीच येत नव्हतं. हजेरी कशी मांडायची, खिचडी शिजवणाऱ्या मावशींशी कसं बोलायचं, साहेब आले की कुठली खुर्ची पुढे करायची, सगळं तिनं शिकवलं. माझी आई दवाखान्यात होती तेव्हा ही बाई घरून भाकरी घेऊन यायची आणि मला म्हणायची, "तू जा, झोप जरा, मी बसते आईपाशी." हे मी मुद्दाम आधी सांगतेय. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, ती बाई वाईटच असणार. वाईट नव्हती हो. तेच तर दुखतं.

आमच्या पोरांना वाचता येत नाही असं नाही. काही काही तर धडाधड वाचतात. पण मधेच थांबवून विचारलं, "काय झालं रं गोष्टीत?" की सगळे छताकडे बघतात. वाडीवर त्यांची बोली वेगळी, पुस्तकातली मराठी त्यांना पाहुणीच. अक्षरं तोंडातून बाहेर पडतात, आत काही जात नाही. मी डोकं फोडून घेत होते. ओरडून झालं, प्रश्नांची उत्तरं लिहून देऊन झाली, ती उत्तरं पोरांनी पाठसुद्धा केली. मग एक दिवस कंटाळून म्हटलं, सांगू नका काही, काढून दाखवा.

आणि काय सांगू, पाखरं पिंजऱ्यातून सुटावी तशी सुटली पोरं! गोष्ट वाचायची, पुस्तक मिटायचं, कळलं ते काढायचं. मग पुन्हा पुस्तक उघडून चित्रातली एकेक गोष्ट कुठल्या वाक्यात आहे ते बोट ठेवून दाखवायचं. सापडलं नाही तर चित्र खोडायचं नाही, शेजारी दुसरं काढायचं. आणि एक नियम एकदम कडक: एकाच्या चित्राला दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

"तुमीबी नाय?" चौथीतल्या एका मुलीनं विचारलं.

"मीपण नाही."

"आईची शपत?"

"आईची शपथ."

वाडीवरची मुलगी. केस कायम तेलानं चोपडलेले, नजर थेट. वाचायची एक्स्प्रेसगाडीसारखी, स्टेशन येवो न येवो थांबायची नाही. समजायचं किती? शून्य. ती आईची शपथ घ्यायला लावून समाधानानं जागेवर जाऊन बसली.

त्या पावसाळ्यात मी त्यांना एक छोटी गोष्ट दिली होती. नदीच्या एका काठाला आजी राहते, दुसऱ्या काठाला तिची लेक. होडी दोघींत मिळून एकच. एके संध्याकाळी आजीला लेकीची आठवण येते आणि ती काठावर येते. काठावर होडी नव्हती. लेकीच्या घरात दिवा नव्हता. आजी हसली आणि तिथेच बसून राहिली. संपली गोष्ट.

सगळ्या वर्गानं होडी काढली. होडीत आजी, पलीकडे घर, घरात दिवा. कुणी कुणी तर वर सूर्यही काढला. साहजिक आहे. 'होडी' वाचलं की होडी दिसते, पुढचा 'नव्हती' कोण बघतो? मी म्हटलं, दाखवा बरं मला, आजी होडीत बसली हे कुठल्या वाक्यात आहे? पोरं शोधायला लागली. आणि ही मुलगी एकदम ओरडली, "बाई! होडी नायच हाय!"

मग तिनं जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. तिनं दुसरं चित्र काढलं. होडी काढली, दिवा काढला, आणि मग बोट जिभेवर ओलं करून त्या होडीवरून फिरवलं. शिसं पसरलं, होडी राखाडी, पुसट झाली. मग दिव्यावरूनही तसंच.

"हे काय गं?"

"ती नाय ना तिथं," ती म्हणाली. "पन नाय हे दावाय आदी काडाय लागती."

तिचं अजून संपलं नव्हतं. पुसटलेल्या होडीकडे, मग पुसटलेल्या दिव्याकडे बघत ती स्वतःशीच पुटपुटली, "होडी हिकडं नाय... दिवा तिकडं नाय... बाई, तिची लेक निघालीय! हिच्याकडंच येतेय ती! म्हनून म्हातारी हसली!"

मी त्या मुलीला उचलून गरागरा फिरवलं, वर्गानं टाळ्या पिटल्या. त्या दिवसापासून आमच्या वर्गात 'नाहीचं बोट' सुरू झालं. विहिरीत पाणी नाही, बोट फिरव. राजाला मूल नाही, मूल काढ आणि बोट फिरव. पोरांच्या वह्या काळ्या झाल्या, बोटं काळी, गाल काळे. पण गोष्ट विचारली की फडाफडा सांगायला लागली.

घरी जाताना स्कूटरवर मी ताईला सगळं सांगितलं. नाहीचं बोट, होडी, लेक निघालीय, सगळं. तोंड मागे वळवून वळवून सांगत होते, तर ती म्हणाली, "अगं समोर बघ, धडकवशील कुठेतरी." पण तिलाही आवडलं होतं. उतरताना म्हणाली, "हुशार आहे गं पोर. तूही काही कमी नाहीस." मला सगळं जग जिंकल्यासारखं झालं होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी मुलीचा बाप शाळेत आला. वाडीवरची निम्मी घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पावसाळ्याच्या तोंडाशी परत येतात. पोरंही बरोबर जातात आणि तिथेच त्यांची शाळा संपते. या मुलीला न्यायची नाही, आत्याकडे ठेवायची, म्हणून मी महिनाभर त्याच्या मागे लागले होते.

"बाई, माजा मोटा पोरगाबी वाचत व्हता," तो दाराशीच उभा राहून म्हणाला. "घडाघडा. समजत काय नव्हतं. मंग काय उपेग? हिला समजत आसंल तर ठेवतो आत्याकडं. नायतर भट्टीवर बारक्याला कोन सांबाळंल?"

"समजतं तिला. तुम्ही या आणि स्वतः बघा," मी म्हटलं. "दिवाळीनंतर शाळेत कार्यक्रम आहे, तालुक्याच्या मॅडम येणार आहेत. त्या विचारतील, ही सांगेल. मग ठरवा."

"येतो," तो म्हणाला. "मंगच ठरवू."

हा कार्यक्रम म्हणजे आजूबाजूच्या शाळांतल्या शिक्षकांची महिन्याची परिषद, त्या वेळी ती आमच्या शाळेत व्हायची होती. पोरांची चित्रं मांडायची, वाचन दाखवायचं असं ठरलं होतं. आता परिषद म्हटली की आमच्याकडे काय होतं ते आमच्यातल्या कुणालाही विचारा. भिंती रंगतात, थर्माकोल येतो, चमकी येते, पोरांच्या नावावर शिक्षकच रात्र रात्र बसून तक्ते करतात. पाहुण्यांपुढे घाण दिसायला नको. आजवर मीही केलंय. पण या वेळी मी ताईला बजावून सांगितलं होतं, "चित्रं आहेत तशीच दोरीवर लावायची हं." ती म्हणाली, "हो गं बाई, किती वेळा सांगशील!"

आदल्या दिवशी मला मतदारयादीच्या कामाला कर्जतला बोलावलं. सजावट ताई करणार होती. कार्यक्रमाच्या सकाळी तिनं फोन केला, "मी दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकांच्या गाडीतून पुढे जाते. तू नाश्ता घेऊन ये, पंचवीस-तीस माणसं आहेत." मी पोहे आणि चहाचे थर्मास स्कूटरवर लादून पोचले तेव्हा मॅडम येऊन बसलेल्या होत्या. दारावर मोठा बॅनर, चित्रातून वाचन, आणि खाली उपक्रमशील शिक्षिका म्हणून ताईचं नाव. नाकाला मिरच्या झोंबल्या, पण म्हटलं जाऊ दे. नाव तिचं असो, पोरं तर आपलीच आहेत. तेवढं मी गिळलं असतं. खरंच गिळलं असतं.

मुलीचा बाप धुतलेला सदरा घालून दाराशी उभा होता. मी त्याच्याकडे बघून हसले. मॅडम दोरीपाशी आल्या, चित्रं बघत बघत पुढे सरकल्या आणि नेमक्या त्या मुलीच्या चित्रापाशी थांबल्या.

"कुणाचं हे? वा, छान आहे. काय गं, आजी पलीकडे कशी गेली?"

"ती गेलीच नाय," मुलगी म्हणाली. "होडी नव्हती."

मॅडम हसल्या. "अगं, मग ही काय? एवढी मोठी होडी तर काढलीयस तू."

तेव्हा मी चित्राकडे पाहिलं. होडी होती. काळ्या स्केचपेननं ठसठशीत गिरवलेली, आत लाल रंग, कडेनं चमकी. पलीकडच्या घरात पिवळाधमक दिवा. सगळे राखाडी डाग गायब, कागद स्वच्छ. शेजारच्या चित्रातल्या कोरड्या विहिरीत निळंशार पाणी. राजाच्या मांडीवर गुटगुटीत बाळ!

मुलीनं चित्राकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड मिटून घेतलं.

"सांग ना, होडी आहे की नाही?" मॅडमनी पुन्हा विचारलं. त्यांची काय चूक? समोर दिसत होतं ते विचारत होत्या.

तेवढ्यात ताई हसत हसत पुढे झाली. तिचा तो हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. "मॅडम, वाडीवरची पोरं ही. वाचतात पोपटासारखी, पण डोक्यात शिरत नाही. माझे प्रयत्न चालू आहेत."

"ते चित्र तिचं नाहीये!" मी ओरडलेच. "मॅडम, त्याला कुणीतरी हात लावलाय. तिला सगळं समजतं. तिला विचारा, लेक कुठे गेली ते विचारा!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हातात पोह्यांचं पातेलं, डोक्यावरून हेल्मेटही काढलेलं नाही, अशी मी. ताई मॅडमना म्हणाली, "जीव आहे हो हिचा त्या मुलीवर." मॅडमनी मान डोलावली, उपक्रम चांगला आहे पण चित्र आणि उत्तर जुळायला हवं असं काहीतरी म्हणाल्या आणि पुढच्या चित्राकडे गेल्या.

मी पातेलं खाली ठेवलं, कोरा कागद घेतला, पेन्सिल घेतली, मुलीपुढे गुडघ्यावर बसले. "काढ बाळा. पुन्हा काढ. बाबांना दाखव." तिनं हात पाठीमागे नेले. डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसती बघत होती, एखाद्या परक्या बाईकडे बघावं तशी. दारातून बापानं हाक मारली, "चल गं." आणि ती गेली.

पाहुणे गेल्यावर मी ताईला खोलीत गाठलं. ती बॅनरची घडी घालत होती.

"होडी कुणी पुसली?"

"पुसली कुठे? उलट छान गिरवून दिली. किती वेळ गेला माझा माहितीये?"

"तो डाग कसला होता ते तुला ठाऊक होतं, ताई. मी तुला सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस गं. पण पाहुण्यांना एकेका डागाचा अर्थ कोण सांगत बसणार? थुंकी लावलेली चित्रं ती! शी! शाळेची लाज गेली असती."

"आणि डोक्यात शिरत नाही म्हणालीस, ते?"

बॅनरची घडी काखेत मारत ती म्हणाली, "मॅडमसमोर काहीतरी बोलावं लागतं. तू लगेच मनाला लावून घेतेस. आणि खरं सांगू? आज ना उद्या ती भट्टीवर जाणारच होती. तू किती दिवस धरून ठेवणार होतीस?"

कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडे मागायची? मी तिला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मावशी खिचडीची भांडी तशीच टाकून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या, एवढं सांगते. मी स्कूटर काढली आणि एकटीच भिसेगावला आले. ती कशी आली मला माहीत नाही, मी विचारलं नाही. संध्याकाळी तिनं नाचणीचे लाडू पाठवले. मी डबा जसा आला तसा परत केला. तिनं शाळेच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, त्या रंगीत होडीशेजारी मुलगी उभी. खाली अंगठेच अंगठे, फुलंच फुलं.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी वाडीवर गेले. घराला कडी. आत्या म्हणाली, "टेंपो पहाटंच गेला, बाई."

जानेवारीतल्या एका रविवारी मी भट्टी शोधत गेले. खोपोलीच्या रस्त्यानं पुढे, कुंभिवलीच्या आत, हायवेच्या ट्रकांचा आवाज येतो तिथे. विचारत विचारत सापडली. बाप चिखल तुडवत होता. मी त्याला सगळं सांगितलं, चित्र कुणी बदललं, का बदललं. त्यानं ऐकून घेतलं. "आसंल," तो म्हणाला. "पन आता काम सोडून कुटं पाटवू तिला? पावसापत्तूर नाय जमायचं." मग म्हणाला, "बाईंनी एवड्या लांब याची तसदी घेतली," आणि विटांवर पोतं टाकून मला बसायला दिलं.

मुलगी झोपडीच्या सावलीत होती, बारका भाऊ कडेवर. मला बघून पळाली नाही, हसलीही नाही.

"मी केलं नाही गं ते," मी म्हटलं. "तुझ्या चित्राला मी हात लावला नाही."

"मोट्या बाई बोलल्या, तुमीच सांगितलंय पुसाय."

"कधी? कधी बोलल्या?"

"मी वरडले ना, पुसू नका म्हनून. तवा बोलल्या. तुज्या बाईंनीच सांगितलंय."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या भट्टीवर कळलं. होडी पुसली हे एक वेळ मी समजून घेतलं असतं. बॅनर, ते पोपटासारखी म्हणणं, हेही कधीतरी विसरले असते, एवढं तिनं माझ्या आईचं केलं होतं. पण तिनं माझी शपथ त्या मुलीसमोर खोटी पाडली. ज्या एका गोष्टीवर त्या पोरीचा माझ्यावर विश्वास होता, तीच घेतली.

"मी असं कधी सांगेन का?" मी म्हटलं. "मी तिथे नव्हते गं. मला कर्जतला बोलावलं होतं. मी नव्हते तिथे."

पिशवीतून कागद-पेन्सिल काढून मी मधे ठेवली होती, मागायची हिंमत नव्हती. तिनं भावाला खाली ठेवलं, कागद ओढला आणि काढायला लागली. आमचा वर्ग. दोरी, दोरीवर चित्रं. स्टुलावर चढलेली ताई, हातात खोडरबर, तो कपाटावरच्या बरणीतला, बरणीचं झाकण उघडं. खाली एक लहान मुलगी, तोंड एवढं मोठं उघडलेलं, दोन्ही हात वर. आणि दारात एक बाई, हातात हेल्मेट. माझं कडेला तुटलेलं हेल्मेट, ती तुटकी कडसुद्धा तिनं काढली.

मला वाटलं, मला आत घेतलं हिनं. मी हसणारच होते.

तिनं बोट जिभेला लावलं आणि त्या बाईवरून फिरवलं. चेहऱ्यावरून, हेल्मेटवरून, पायापर्यंत, सावकाश. मग कागद माझ्याकडे सरकवला आणि भावाला पुन्हा कडेवर घेतलं.

"वाचा, बाई," ती म्हणाली.

मी वाचलं. बाई नव्हती.